विजेची बेगमी

सुगंधा धुमक हिला तुम्ही मारलंत.

तुम्ही म्हणजे कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या दारावर पाटी आहे, गाडीवर दिवा आहे आणि कागदावर शिक्का आहे. तुम्ही तिला हात लावला नाहीत हे खरं. उलट तुमचाच माणूस तिच्या छातीवर दोन्ही तळवे टेकून घाम गळेपर्यंत दाबत होता. पण माणसांनी आपल्याच घरातली वस्तू लपवावी असा कायदा तुम्ही केलात. लपवणाऱ्याच्या हातून कधीतरी चूक होणार, हे कळण्याइतके शहाणेही तुम्ही होतात. तरी अहवालात 'अपघात' लिहिलंत आणि जेवायला गेलात. म्हणून ही हकीकत पहिल्यापासून सांगणं भाग आहे. तुम्ही तिचं फक्त शेवटचं पान वाचलंय.

कातळीवाडी सड्यावर वसलेली आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, वर माती वीतभरसुद्धा नाही. वाडीत घरं नऊ. इथले पुरुष दोन पिढ्या चिरेखाणीत राबले. जयवंत धुमक चिरे कापायच्या मशीनवर फिटर होता. शाळा दहावीत सुटली, पण मशीनचा आवाज बदलला की तो न बघता सांगायचा, कुठलं बेअरिंग गेलंय. पुढे लोक सिमेंटच्या ठोकळ्यांची घरं बांधायला लागले आणि खाणी बंद पडल्या. मागे राहिले चौकोनी खड्डे आणि तांबड्या भुकटीचे ढीग. त्या भुकटीनं चपला रंगायच्या, अंगणं रंगायची, वाळत घातलेले कपडे रंगायचे. बाकी तिचा उपयोग काही नव्हता.

जयवंतला त्या भुकटीत वीज दिसली.

जांभा तांबडा असतो, कारण त्यात लोखंड असतं, पण गंजलेलं. लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू खातं आणि त्यातून ऊर्जा सुटते. दारात पडलेला खिळा गंजतो तेव्हा ती इतकी हळू सुटते की कुणाला कळतही नाही. तेच लोखंड राखेच्या खाऱ्या पाण्यात बुडवलं आणि समोर हवा आत घेणारी कोळशाची पट्टी उभी केली, की ती ऊर्जा तारेतून वीज होऊन बाहेर पडते. दिवसा सौरपट्ट्यांची वीज उलट घातली की गंजाचं पुन्हा लोखंड होतं आणि खाल्लेला प्राणवायू परत हवेत जातो. थोडक्यात, ही बॅटरी श्वास घेते. वीज देताना हवा आत ओढते, वीज भरताना बाहेर सोडते.

ही गोष्ट शंभर वर्षं पुस्तकात होती. घोडं अडलं होतं त्या हवेच्या पट्टीपाशी, ती चार-सहा महिन्यांत चोंदायची. मग दूरदेशीच्या एका प्रयोगशाळेत दोन बायांनी त्यावर इलाज काढला आणि कृती सगळ्या जगासाठी उघडी टाकली, हक्कबिक्क काही ठेवला नाही. जयवंतची मुलगी प्रणाली चिपळूणला नर्स आहे. तिनं ती फोनवर मराठीत करून बापाला पाठवली. जयवंतनं ती सदुसष्ट वेळा वाचली आणि चार वर्षं घालवली. कोळसा नारळाच्या करवंटीचा. खारं पाणी सोडणांच्या, म्हणजे नारळाच्या सालींच्या, राखेचं. पाण्याचा जोर मोजायला त्याच्याकडे यंत्र नव्हतं, तेव्हा सुगंधानं रांजणात अंडं सोडलं.

"तरंगला ना? झाला मग पाणी," ती म्हणाली. "माझी आई धुण्याला ह्याच पाणी करायची. तुमच्या त्या बायांना विचारा, अंडं ठेवलंय का त्यांनी कृतीत."

"त्यांच्याकडं मीटर हाय."

"आमच्याकडं कोंबडी हाय."

घरामागच्या सगळ्यात लहान खाणीवर जयवंतनं फरशा टाकून छत केलं. दहा बाय नऊची जागा, आठ फूट खोल. आत उतरायला दगडाच्या पायऱ्या, वर लाकडी झडप आणि श्वासासाठी दोन जाड नळ्या. मांडण्यांवर एकशे चाळीस डबे. वाडीनं त्या जागेला गंजघर म्हणायला सुरुवात केली. सलग पंधरा दिवस ऊन नाही पडलं तरी नऊ घरांचे दिवे, पंप, गिरण आणि बारगुड्यांचं मासळीचं फ्रीजर चालेल एवढी वीज तिथं साठायची. ज्या दिवशी पहिल्यांदा सगळी वाडी त्यावर चालली, त्या दिवशी जयवंतनं खांबावरून आलेली तार स्वतः सोडवून वीजवाल्यांच्या माणसाच्या हातात दिली.

"कशाला सोडताय? राहू द्या की अडीनडीला," तो माणूस म्हणाला.

"तार दोन्ही टोकांनी ओढता येते बाबा," जयवंत म्हणाला. "दुसऱ्या टोकाला कोण बसलाय ते मला दिसत नाय."

कोकणात पावसाळ्याआधी घर भरून ठेवतात. तांदूळ, सुकी मासळी, आमसुलं, मीठ, सरपण. त्याला बेगमी म्हणतात. चार महिने वाट बंद झाली तरी कुणाच्या दारात जायची पाळी येऊ नये, एवढाच त्यामागचा विचार. जयवंत म्हणायचा, मी नवीन काही केलं नाही, बेगमीत एक जिन्नस वाढवला.

सुगंधानं त्याच्या पुढचं केलं. गंजघराच्या कोपऱ्यात जागा होती म्हणून तिनं तांदळाची दोन पिंपं तिथं ठेवली. दिवाळीला उघडली तर तांदळात एक सोंडा नाही, एक जाळी नाही. पुढच्या वर्षी नवाच्या नऊ घरांची पिंपं खाली गेली. बाया तिची पाठ थोपटत होत्या. तांदूळ काढून वर आलं की कधीमधी डोकं जड व्हायचं, तेव्हा म्हणायच्या, चढ-उतारानं होतं.

"लोखंडाचा वास सोसत नसेल किड्यांना," जयवंत हसून म्हणाला होता.

किडा का धरत नाही, हे नऊ घरांत एकानंही विचारलं नाही. बाकीच्यांना माफ आहे. जयवंतनं विचारायला हवं होतं.

मग ते वादळ आलं. खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे मोडले आणि खालची सगळी गावं तेवीस दिवस अंधारात राहिली. उजेड फक्त सड्यावर होता. लोक चालत वर यायला लागले. कुणाचा फोन, कुणाचं इन्सुलिन, कुणाच्या मुलाचं वाफेचं मशीन. गिरण दिवसभर फिरत होती. सुगंधा आणि बाकीच्या बायांनी तेवीस दिवस दोन्ही वेळा मोठी भांडी चढवली. खालच्या आंबेशेत गावातली दळीबाई, दम्याची म्हातारी, नऊ दिवस धुमकांच्या पडवीत झोपली. कुणाकडून काही घेतलं नाही. कुणी अर्ज केला नाही, कुणी परवानगी मागितली नाही. शेजारी अडचणीत होता आणि घरात होतं, म्हणून दिलं.

तेविसाव्या दिवशी तुमची गाडी आली. तुमच्या माणसांनी फोटो काढले आणि 'प्रेरणादायी' असा शब्द वापरला. दीड वर्षानं आदेश आला.

अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त पुरेल इतकी वीज घरात साठवणं म्हणजे साठेबाजी. ज्यांना साठवायची असेल त्यांनी नोंद करावी आणि तुमच्या प्राधिकरणाची पेटी बसवून घ्यावी. टंचाईच्या काळात ती पेटी लांबूनच उघडेल आणि साठा 'अग्रक्रमाच्या ठिकाणी' जाईल. नोंद न केलेला साठा सापडला तर तो जागीच मोडला जाईल आणि मालक आत जाईल. आदेशात शब्द छान होते. सामायिक, समन्यायी, जबाबदार.

आंबेशेतनं नोंद केली होती. मे महिन्यात उकाडा वाढला आणि एका दुपारी त्यांच्या पेट्या आपोआप उघडल्या. दोन दिवसांत गावाचा साठा रिकामा झाला. मासळीवाल्यांचा बर्फ विरघळला. वीज गेली किनाऱ्यावरच्या त्या लांबलचक थंड गोदामांत, जिथं हजारो यंत्रं रात्रंदिवस लोकांच्या प्रश्नांची उत्तरं शोधत असतात. ती यंत्रं अग्रक्रमाची होती. दळीबाईचं वाफेचं मशीन नव्हतं.

वाडीची बैठक देवळासमोर बसली. बारगुड्यांचा गणपत उभा राहिला.

"नोंद करून टाकू या, जयवंता. तुरुंगात कोण जाणार?"

"वादळात तुमी दिलात की नाय लोकांना?" जयवंतनं विचारलं.

"दिला ना."

"कुणी सांगितला म्हणून दिलात?"

"कोण सांगणार? समोर माणूस उभा होता."

"मग आता ह्यांना कुलूप कशाला पायजे? द्यायचं तेव्हा आमी देतोच. न देण्याचा हक्क माझ्याकडं नसेल, तर मी दिला असं तरी कसं म्हणायचं? मग ती ओढून नेलेली वस्तू झाली."

गणपत खाली बसला. "तू बोलतोस बरा. आत पण तूच जा."

लोक हसले. नोंद करायची नाही, असं ठरलं.

श्रावणातल्या एका मंगळवारी फोनवर प्राधिकरणाचा निरोप आला. उद्या अकरा वाजता कातळीवाडीची तपासणी, सोबत उष्णता ओळखणारा ड्रोन. जयवंतला लगेच उमगलं. गंजघराच्या नळ्यांतून सतत कोमट, दमट हवा निघते, गुरं श्वास सोडतात तशी. वरून पाहणाऱ्याला थंड कातळावर ते दोन डाग स्पष्ट दिसतील. त्यानं दुपारीच दोन्ही नळ्यांच्या तोंडांत गोणपाट कोंबलं, वर प्लास्टिक बांधलं, नारळाची झापं टाकली आणि माती ओढली. झडपेवर सुक्या गवताचे भारे रचले आणि ये-जा करायला एका बाजूनं फट ठेवली.

सुगंधा कडेवर सूप घेऊन बघत होती.

"तिला श्वास कसा मिळायचा?"

"कुणाला?"

"तुमच्या बॅटरीला. तुमीच सांगता ना लोकांना, ती श्वास घेते म्हणून."

"एक दिवस दम धरील. वोल्टेज पडेल जरा, मरत नाय ती."

"मग वाडीची वीजच बंद ठेवा ना उद्यापर्यंत."

"गणपतच्या फ्रीजरात माल हाय. पाच दिवस ऊन नाय. बंद करून कसं चालेल?" त्यानं हात झटकले. "आणि उद्या तो माणूस असेतोवर परसाकडं फिरकू नको. त्याला झडप दिसता कामा नये."

"मी कशाला फिरकतेय? मला चुलीपुढनं सवड मिळाली तर ना."

जयवंतनं हिशेब केला होता, चुकला नव्हता. अमुक डबे, अमुक हवा, वीस तास. बॅटरी मंदावेल, बिघडणार नाही. त्यानं बॅटरीचा श्वास मोजला. त्या हवेत माणूस उतरला तर काय, हा आकडा त्याच्या कागदावर कुठेच नव्हता. परसाकडे जाऊ नको असं त्यानं बायकोला सांगितलं, ते झडप दिसेल म्हणून. खाली मरशील म्हणून नव्हे. भीती एकाच दिशेला तोंड करून उभी होती, त्यामुळे दुसऱ्या बाजूला कुणी पाहिलंच नाही.

बुधवारी आकाश झाकोळलेलंच होतं. सकाळी पंपाचा आवाज खाली बसला. जयवंतनं ओळखलं, ती गुदमरतेय. त्याला तिची दया आली. बॅटरीची.

तपासणीला आलेला निरीक्षक दळीबाईचाच मुलगा निघाला. समीर दळी, तिशीतला, अंगात प्राधिकरणाचं निळं जाकीट, छातीवर सतत चालू असलेला कॅमेरा. ओशाळल्यासारखा पडवीत बसला. ड्रोन अंगणातून उडवला आणि तो घराभोवती घोंघावत फिरू लागला.

"काका, माझ्या हातात काही नाही. यादीत नाव आलं की यावं लागतं."

"तुझ्या हातात काय नाय ते दिसतंय मला. आई कशी हाय?"

"बरी आहे. तुमची आठवण काढते."

सुगंधा पाणी घेऊन आली. "जेवून जायचं हां, समीर."

"नको काकी. तपासणीला गेलो की जेवायचं नसतं. नियम आहे."

"तुझी आई ह्याच पडवीत नऊ दिवस जेवली. तिनं नाय विचारला नियम."

 समीर कॅमेऱ्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "थोडंच वाढा."

भरदुपारी दारात आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नसतं. तो कशासाठी आलाय, हा प्रश्न नंतरचा. सुगंधानं चूल पेटवली, डबा उघडला तर तळाशी रेशनचा जाडा तांदूळ. तिनं तो बाजूला सारला. पाहुण्याला घरच्या शेताचा तांदूळ घालायचा, आणि तो पिंपात होता, खाली.

पडवीतून माजघर आणि माजघरातून मागचं दार सरळ रेषेत दिसतं. जयवंतनं तिला हातात पितळी माप घेऊन मागच्या दारातून बाहेर पडताना पाहिलं. हाक ओठांवर आली. समोर समीर फोनसारख्या पाटीवर त्याच्या घराची लांबी-रुंदी भरत होता. हाक मारली असती तर समीरनं मान वळवली असती. मान वळवली असती तर गवताचे भारे सरकवणारी बाई दिसली असती. जयवंतनं हाक गिळली. दोन-तीन मिनिटांचं काम, असं त्यानं मनाशी म्हटलं.

"सौरपट्ट्या किती, काका?"

"बारा."

"आणि साठा?"

"दोन दिवसांचा. माळ्यावर हाय, बघ." दाखवण्यापुरते चार डबे त्यानं वर मांडून ठेवले होते.

ड्रोन आता मागच्या बाजूला गेला होता. त्याचा आवाज परसावर येऊन थांबला, मग पुन्हा फिरला. जयवंत कान देऊन ऐकत होता. पाच मिनिटं झाली असतील. सुगंधा आली नाही. त्याच्या मनात आलं, शहाणी आहे ती. ड्रोन डोक्यावर आहे म्हणून झडप ओढून घेतली असेल, खाली दडून बसली असेल. तो जाईपर्यंत वर यायची नाही. या विचारानं त्याला बरं वाटलं. थोडासा अभिमानसुद्धा वाटला.

"काकी कुठं गेल्या?" समीरनं विचारलं. "चूल पेटलीय आत, धूर येतोय."

"शेजारी," जयवंत म्हणाला. "नारळ आणायला."

छत्तीस वर्षांच्या संसारात तिच्याविषयी तो खोटं बोलला ते एवढंच.

समीरनं पुढचा प्रश्न विचारला, जयवंतनं उत्तर दिलं. त्यानं आणखी एक विचारला. मग ड्रोन खाली उतरून अंगणात थांबला आणि सगळीकडे शांत झालं. जयवंतनं मागच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं, परस रिकामा. आता तिनं यायला हवं होतं. त्याच वेळी पडवीतला पंखा सावकाश होत होत थांबला. शेजारून गणपतच्या बायकोची हाक आली, "जयवंतभाऊ, लाईट गेली का हो?"

गंजघर बांधल्यापासून ती एकदाही गेली नव्हती.

तेव्हा त्याला कळलं. डब्यांत लोखंड भरपूर शिल्लक होतं, ते संपायला आणखी आठवडा लागला असता. वीज थांबली, कारण खायला हवा उरली नव्हती. लोखंडाला जिथं श्वास मिळेनासा झाला होता, तिथं त्याची बायको उतरली होती.

तो धावला. समीर मागून धावला. गवताचे भारे बाजूला होते, झडप आतून ओढलेली होती. ती उघडली तर सुगंधा पायऱ्यांच्या तळाशी कुशीवर पडलेली, माप एका अंगाला, तांदूळ पायरीभर पसरलेला. चेहऱ्यावर घाबरलेपण नव्हतं. अशा हवेला वास नसतो. धाप लागत नाही, खोकला येत नाही, शरीर सावध करत नाही. प्राणवायू नसलेल्या हवेचे दोन घोट घेतले की माणूस दिवा मालवल्यासारखा विझतो. तिला कळलंही नसेल, असं डॉक्टर पुढे म्हणाले. डॉक्टर तेच म्हणतात.

जयवंत तसाच उतरला आणि चौथ्या पायरीवर त्याचे गुडघे वाकले. समीरनं त्याला बगलेत धरून वर ओढून टाकलं. मग छातीभर हवा घेऊन, तोंड मिटून तो खाली गेला आणि सुगंधाला खांद्यावर घालून वर आला. कातळावर निजवून त्यानं तिची छाती दाबायला घेतली. मोजत होता, दाबत होता, तोंडानं हवा भरत होता. त्याला शिकवलेलं सगळं त्यानं केलं. रुग्णवाहिका घाट चढून आली तेव्हाही तो दाबतच होता.

"समीर, सोड रे आता," गणपत म्हणाला. "सोड."

संध्याकाळी प्रणाली आली. आईजवळ बसली, तिचे केस नीट केले, बोटांना लागलेली तांबडी भुकटी ओल्या फडक्यानं पुसली. मग बापाकडे वळली. ती नर्स आहे, मिनिटांचा अर्थ तिला कळतो.

"ती खाली गेलेली तुम्ही पाहिलंत?"

"पाहिला."

"मग उठलात का नाही बाबा?"

त्याला सांगायचं होतं की समोर कॅमेरा होता, आत टाकलं असतं, गंजघर फोडलं असतं, वाडी अंधारात गेली असती. यातलं एकेक वाक्य त्यानं मनात उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. मुलीपुढे मांडण्यासारखं त्यातलं एकही नव्हतं.  ती तेराव्याला गेली ती अजून फोन करत नाही. आठवड्यातून एकदा गणपतला विचारते, बाबा जेवतात का.

वाडीनं स्वतःच दोन्ही नळ्या उघडल्या. दोन दिवसांनी ऊन पडलं, डबे पुन्हा भरले आणि आत घेतलेली हवा सोडू लागले. गंजघर पूर्ववत झालं. मग तुमची माणसं आली, त्यांनी एकशे चाळीस डबे घणानं फोडले आणि 'धोकादायक साठा नष्ट' अशी पावती गणपतच्या हातात दिली; जयवंतच्या अटकेचं चौकशीनंतर बघू म्हणाले. जयवंत ओट्यावर बसून बघत होता. त्यानं अडवलं नाही. घरात उजेड आहे की नाही, याच्याशी त्याचं आता काही देणंघेणं नव्हतं.

चौकशी तालुक्याच्या गावी झाली. पंख्याखाली तिघे बसले होते. समीर दळीनं राजीनामा दिला होता, तरी साक्षीला आला. म्हणाला, मी जेवायला नाही म्हटलं असतं तर ती बाई जिवंत असती. मधल्या साहेबांनी सांगितलं, हे नोंदवायची आवश्यकता नाही. मग त्याच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण भिंतीवर लावलं. जयवंतनं स्वतःला पडवीत बसलेलं पाहिलं. चित्राच्या कडेला, मागच्या दारातून, सुगंधा माप घेऊन बाहेर पडते. कोपऱ्यात घड्याळाचे आकडे पळतात. भिंतीवरचा जयवंत सौरपट्ट्यांचा आकडा सांगतो, साठा माळ्यावर आहे म्हणतो, नारळाचं खोटं बोलतो.

साहेबांनी चित्रण थांबवलं.

"अकरा मिनिटं, धुमक. पत्नी आत आहे हे माहीत असून तुम्ही अकरा मिनिटं बसून होता. का उठला नाहीत?"

जयवंत उभा राहिला. मुलीनं विचारलं तेव्हा त्याच्याकडे शब्द नव्हते. इथं होते.

"साहेब, हे विचारायचा हक्क माझ्या मुलीला हाय. तिला मी मरेपर्यंत उत्तर देऊ शकणार नाय. नळ्या मी बंद केल्या. हवेचा विचार मी केला नाय. ती चूक माझी. तिच्यात मी तुमाला वाटा देत नाय, ती मी एकटा उचलतोय. पण ती अकरा मिनिटं माझी नव्हती."

"म्हणजे?"

"खाण माझी. दगडाचा गंज माझा, राख माझ्या नारळाची, ऊन माझ्या कौलांवर पडलेलं. कुणाच्या तारेतून एक थेंब ओढला नाय. पाच गावांना लागली तेव्हा दिली. आणि त्याच घरात, भर दुपारी, माझ्याच परसात गेलेल्या माझ्या बायकोला हाक मारायला मी भ्यालो. चोर असतो तर समजलो असतो. मी काय चोरला होता? तुमच्या कागदात मरणाचं कारण लिहायला एक ओळ रिकामी हाय, मी पाहिलीय. तिथं माझं नाव टाका, माझी ना नाय. पण त्याच्या खाली दुसरी ओळ काढा. माझ्या तोंडातली हाक कुणी दाबून धरली? कुठल्या साहेबानं तो आदेश लिहिला, कुणी सही केली, आणि तेव्हा त्याला काय वाटलं होतं, माणसं काय करतील? एक नाव असेल, दहा असतील. लिहा."

साहेबांनी उजवीकडच्या माणसाकडे पाहिलं. त्यानं फायलीत पाहिलं.

"ते या चौकशीच्या कक्षेत येत नाही," साहेब म्हणाले.

"मग कुणाच्या येतं?" जयवंत म्हणाला. "त्याचं नाव सांगा."